मेणबत्तीची वात

मेणबत्तीच्या मध्यातून वरपासून खालपर्यंत जाणाऱ्या, सामान्यतः कापसाच्या सुताच्या दोरीस वात म्हणतात. ‘वात’ हा मराठी शब्द संस्कृत ‘वर्ति’ या शब्दापासून आलेला असून ‘बत्ती’ हा शब्दही त्याच मुळाचा आहे. वितळलेले इंधन ज्योतीपर्यंत पोहोचविणे हे वातीचे मुख्य कार्य होय. मेणबत्तीचा प्रकाश, धूर, वास आणि ती किती काळ जळेल या सर्व गोष्टी मेणाइतक्याच वातीवर व विशेषतः ज्योतीत उघड्या राहिलेल्या तिच्या लांबीवर अवलंबून असतात. ही लांबी मर्यादेत ठेवण्यासाठी वातीचे जळके टोक वेळोवेळी कापून टाकण्याची क्रिया म्हणजे वात कातरणे. मेणबत्तीच्या ज्ञात इतिहासातील बहुतेक सर्व काळ हे काम माणसाच्या हाताने, दर काही मिनिटांनी करावे लागत असे. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चरणात वातीची घडण व मेणबत्तीचे इंधन या दोहोंत एकदमच बदल झाले आणि हे काम वात स्वतःच करू लागली. प्रकाशाच्या इतिहासात हा बदल वायुदीप किंवा विजेचा दिवा यांच्याइतका गाजला नाही. परंतु ज्यांच्या घरी मेणबत्ती हाच रात्रीचा एकमेव दिवा होता, त्यांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व मोठे होते.

ज्वलनक्रिया : मेणबत्तीत घन मेण प्रत्यक्ष जळत नाही. ज्योतीच्या उष्णतेने वातीभोवतीचे मेण वितळून तेथे लहानसे तळे तयार होते. हे द्रवरूप मेण सुताच्या तंतूंमधील सूक्ष्म पोकळ्यांतून केशाकर्षणाने वर चढते, ज्योतीत त्याचे बाष्प होते व ते बाष्प हवेतील ऑक्सिजनाच्या साहाय्याने जळते. ज्योतीच्या पिवळ्या भागात कार्बनाचे अतिसूक्ष्म कण तापून प्रकाशमान होतात. मेणबत्तीचा उपयुक्त प्रकाश मुख्यतः या कणांपासून मिळतो. ज्योतीच्या कडेला पुरेशी हवा असल्यास हे कण तेथे पूर्णपणे जळून जातात व ज्योत स्वच्छ राहते.

वात प्रमाणापेक्षा लांब झाली की तिच्या उघड्या भागातून अधिक बाष्प निर्माण होते. ज्योत उंच होते, परंतु तिच्याभोवतीची हवा एवढ्या बाष्पाच्या ज्वलनास पुरी पडत नाही. मग न जळलेले कार्बनाचे कण ज्योतीबाहेर पडतात व काजळी धरते. त्यांतील काही वातीच्या टोकावर साचून तेथे अळंबीच्या छत्रीसारखा काळा गोळा तयार होतो. हा गोळा उष्णता शोषून ज्योत थंड करतो, प्रकाश अडवितो व अधिक धूर निर्माण करतो. याउलट वात फारच आखूड कातरली, तर ती वितळलेल्या मेणात बुडते आणि ज्योत मंदावून विझते. म्हणजे वातीची योग्य लांबी ही तिने वर आणलेले इंधन व ज्योतीस मिळणारी हवा यांच्यातील तोल होय.

हा तोल आपोआप का राखला जात नाही, याचे कारण ज्योतीच्या रचनेत आहे. साधी पिळाची वात ज्योतीच्या मध्यभागी सरळ उभी राहते. ज्योतीचा हा गाभा इंधनाच्या बाष्पाने भरलेला असतो व त्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो. त्यामुळे तेथील सूत करपून काळे होते, पण जळून नाहीसे होत नाही. मेणबत्ती जसजशी खाली जाते तसतशी ही करपलेली वात उंच होत जाते. ज्योतीच्या कडेला मात्र ऑक्सिजन मुबलक असतो आणि तेथील निळसर भागाचे तापमान सु. १,४००° से.पर्यंत जाते. वातीचे टोक या कडेपर्यंत पोहोचविता आले, तर ते जळून त्याची राख होते. पुढे लागलेल्या शोधाचे मर्म एवढेच होते. मात्र ते साधण्यास अनेक शतके जावी लागली.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : तेलाच्या दिव्याची वात हाताने पुढे सारता येते व तिचे जळके टोक चिमट्याने किंवा काडीने झाडता येते. ही क्रिया फार जुनी आहे. बायबलच्या जुन्या करारातील निर्गम या ग्रंथात सात फाट्यांच्या दीपवृक्षाबरोबर सोन्याचे चिमटे व तबके यांचा उल्लेख येतो. मेणबत्तीत मात्र वात इंधनात घट्ट बसविलेली असल्याने ती मागेपुढे सरकविता येत नाही. वाढलेले टोक कापणे एवढाच उपाय उरतो. रोमन काळात मेण व चरबी या दोन्हींपासून मेणबत्त्या बनवीत. मध्ययुगीन यूरोपात मधमाश्यांच्या मेणाच्या मेणबत्त्या चर्च व श्रीमंतांची घरे यांत, तर गुरामेंढ्यांच्या चरबीच्या मेणबत्त्या सामान्यांच्या घरांत वापरल्या जात. लंडनमध्ये या दोन प्रकारच्या कारागिरांचे संघही वेगवेगळे होते. चरबीवाल्यांच्या संघास १४६२ मध्ये व मेणवाल्यांच्या संघास १४८४ मध्ये राजसनद मिळाली.

हा भेद केवळ प्रतिष्ठेचा नव्हता. मधमाश्यांचे मेण सु. ६२° ते ६४° से. तापमानास वितळते. त्यामुळे ते सावकाश व नेटके जळते आणि त्याची वातही तुलनेने कमी वेळा कातरावी लागते. चरबी ४०° से.च्या थोड्या वरच्या तापमानासच मऊ होऊन वितळते. तिच्या मेणबत्तीस जाड वात लागते, ज्योत भगभगते, चरबी कडेने ओघळते आणि जळक्या चरबीची दुर्गंधी घरभर पसरते. चरबीच्या मेणबत्तीची वात वारंवार कातरली नाही, तर तिचा प्रकाश पाहतापाहता ओसरतो. अशा रीतीने ज्याला स्वस्त दिवा वापरणे भाग होते, त्यालाच त्याच्या निगेचे कष्टही अधिक पडत.

इंग्लंडच्या खेड्यांतील गरीब लोक या दोहोंऐवजी लव्हाळ्याचा दिवा वापरीत. लव्हाळ्याची साल सोलून, आधारापुरती एक बारीक पट्टी ठेवून, आतील मऊ गाभा वितळलेल्या चरबीत बुडवून वाळवीत. निसर्गाभ्यासक गिल्बर्ट व्हाइट (१७२०—९३) याने १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेलबॉर्न गावाच्या निसर्गवर्णनपर ग्रंथात या दिव्यांचा सविस्तर हिशेब दिला आहे. सव्वादोन फुटांहून काहीसा लांब असा एक चांगला लव्हाळा घड्याळ लावून पाहता एक तासाला तीन मिनिटे कमी इतका वेळ जळला, असे तो नमूद करतो. लव्हाळ्याचा गाभा ज्योतीबरोबरच जळून जात असल्याने हा दिवा कातरावा लागत नसे. मात्र तो चिमट्यात तिरपा धरून वरचेवर पुढे सरकवावा लागे. इंग्लंडमध्ये १७०९ च्या कायद्याने मेणबत्त्यांवर बसविलेला कर १८३१ मध्ये रद्द झाला. त्या दरम्यानच्या काळात घरच्या घरी मेणबत्त्या करण्यावर निर्बंध होते व त्यामुळे लव्हाळ्याच्या दिव्याचे महत्त्व वाढले होते.

वात कातरण्याची साधने : साध्या कात्रीने पेटती वात कापली, तर तप्त काजळी मेणात, मेजावर किंवा कागदांवर पडते. वितळलेल्या मेणात पडलेला तुकडा पेटून मेणबत्ती भडकते व लवकर झिजते. म्हणून या कामासाठी खास कात्री तयार झाली. तिच्या एका पात्यावर लहानशी डबी व दुसऱ्यावर तिच्यात बसणारी उभी पट्टी असते. पाती मिटताच कापलेले टोक डबीत ढकलले जाऊन तेथेच विझते. बऱ्याच कात्र्यांना खाली तीन बुटके पाय असत. त्यांमुळे ती मेजावर किंचित उचललेली राहून तिच्या मुठीत बोटे सहज जात. कात्री ठेवण्यासाठी तिच्या आकाराचे लांबट तबक असे. उपलब्ध इंग्रजी नमुन्यांपैकी अगदी जुनी चांदीची कात्री कार्डिनल क्रिस्टोफर बेनब्रिज (मृत्यू १५१४) याची असून ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

सतराव्या व अठराव्या शतकांत लोखंड, पितळ व चांदी यांच्या अशा कात्र्या घरोघरी पोहोचल्या. तप्त काजळी डबीतून बाहेर सांडू नये म्हणून त्यांत स्प्रिंगांची व झडपांची योजना करण्यात आली. लंडनचा यंत्रकुशल कारागीर क्रिस्टोफर पिंचबेक (धाकटा) याने १७७६ मध्ये अशा कात्रीचे पेटंट घेतले. हा विषय त्या काळी इतका परिचयाचा होता, की त्याच वर्षी पिंचबेकच्या कात्रीस उद्देशून एक उपहासात्मक इंग्रजी काव्यही प्रसिद्ध झाले. बर्मिंगहॅममध्ये पिंचबेकच्या पद्धतीच्या कात्र्या पुढेही, न कातरता जळणाऱ्या मेणबत्त्या येईपर्यंत तयार होत होत्या. मेणबत्ती विझविण्यासाठी वापरतात ते शंकूच्या आकाराचे झाकण मात्र वेगळे साधन होय. आज या दोन्हींना पुष्कळदा एकच इंग्रजी नाव दिले जाते व त्यातून गोंधळ होतो.

कातरणीचे मोल : वात न कातरल्याने प्रकाशाची किती हानी होते, याचे मोजमाप बेंजामिन टॉमसन उर्फ काउंट रम्फर्ड (१७५३—१८१४) याने केले. बव्हेरियाच्या सेवेत असताना म्यूनिकमधील गरिबांसाठी चालविलेल्या मोठ्या उद्योगगृहात कमी खर्चात प्रकाश कसा पुरवावा, हा प्रश्न त्याच्यासमोर होता. त्यासाठी त्याने छायांची तुलना करून प्रकाश मोजण्याची पद्धती तयार केली व तिचे निष्कर्ष लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १७९४ मध्ये प्रसिद्ध केले. चरबीची एक साधारण मेणबत्ती नुकतीच कातरलेली असताना तिचा प्रकाश १०० मानला, तर न कातरता ११ मिनिटे जळल्यावर तो ३९, आणखी ८ मिनिटांनी २३ व त्यानंतर १० मिनिटांनी १६ इतकाच उरला, असे त्यास आढळले. वात कातरताच प्रकाश पुन्हा पूर्ववत १०० झाला.

या आकड्यांचा अर्थ असा, की अर्ध्या तासाच्या दुर्लक्षाने पाच-षष्ठांशांहून अधिक प्रकाश नाहीसा होई. मेणबत्ती मात्र झिजतच राही. दिवेलागणीनंतर लिहिणारा, शिवणारा किंवा हिशेब करणारा माणूस दर काही मिनिटांनी हातातले काम थांबवून कात्री उचलीत असे. ज्यांच्या घरी नोकर होते तेथे हे काम नोकरांकडे जाई. वात ज्योतीच्या फार जवळ कापली तर दिवाच विझे, म्हणून त्यास हाताची सफाई लागे. सतराव्या-अठराव्या शतकांतील पॅरिस व लंडन येथील नाट्यगृहांत वाती कातरण्यासाठी स्वतंत्र माणसे नेमलेली असत. अंकांच्या दरम्यान झुंबरे खाली उतरवून त्यांतील मेणबत्त्यांच्या वाती कातरीत व रंगमंचाच्या पुढील कडेस ओळीने लावलेल्या दिव्यांचीही निगा राखीत. प्रयोगाच्या मध्यास वाती धुरकटल्या, तर कातरणाऱ्यास प्रेक्षकांसमोरच रंगमंचावर यावे लागे. कातरल्याशिवाय जळतील अशा दिव्यांहून अधिक चांगला कोणता शोध लोक लावू शकतील हे आपल्याला सुचत नाही, अशा आशयाची द्विपदी जर्मन कवी गटे (१७४९—१८३२) याने लिहिली होती. तिच्यातील विनोदामागे दैनंदिन त्रासाचा अनुभव होता.

या त्रासातून सुटण्याचे काही प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच झाले. ईझिकिएल वॉकर या इंग्रज प्रयोगकर्त्याने असे दाखवून दिले, की एकपदरी वातीची मेणबत्ती उभ्या रेषेशी सु. ३०° कोन करून तिरपी ठेवल्यास ती कातरावी लागत नाही. कारण ज्योत सरळ वर जाते, वातीचे टोक मात्र ज्योतीच्या कडेबाहेर येऊन हवेत जळून जाते. तिरप्या मेणबत्तीचा उपाय फारसा रूढ झाला नाही. परंतु त्यामागील तत्त्व बरोबर होते. मेणबत्ती वाकविण्याऐवजी वातच वाकविणे ही पुढची पायरी होती.

आशियातील परंपरा : चीनमध्ये मेणबत्तीची वात कातरणे हे रात्री जागून केलेल्या निवांत संभाषणाचे प्रतीक बनले. तांग काळातील कवी ली शांग-इन (सु. ८१३—८५८) याच्या पावसाळी रात्रीवरील प्रसिद्ध कवितेत पश्चिमेच्या खिडकीशी दोघांनी मिळून वात कातरण्याची प्रतिमा आलेली आहे व तीवरून चिनी भाषेत वाक्प्रचारही रूढ झाला आहे. यूरोपात जे कंटाळवाणे काम समजले गेले, ते येथे जिव्हाळ्याची खूण ठरले.

जपानच्या पारंपरिक मेणबत्तीची वात वेगळ्या घडणीची आहे. काडीभोवती कागद गुंडाळून त्यावर लव्हाळ्याच्या गाभ्याची पट्टी वेढतात व ती रेशमाच्या तंतूंनी घट्ट करतात. नंतर काडी काढून घेतली जात असल्याने वात पोकळ राहते. तिच्यावर हाझे नावाच्या झाडाच्या फळांपासून काढलेल्या मेणाचे थर हाताने चढवितात. पोकळीतून वर जाणाऱ्या हवेमुळे ज्योत मोठी व उभट होते. ही जाड वात मात्र पूर्णपणे जळून जात नाही. ती अधूनमधून कातरावी लागते व त्यासाठी खास कात्री वापरतात. पोकळ वातीची ही कल्पना स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या एमे आर्गां (१७५०—१८०३) याच्या १७८० नंतर प्रसारात आलेल्या तेलदिव्यातील नळीसारख्या वातीशी जुळणारी आहे [→ दिवे].

भारतात तेला-तुपाच्या दिव्यांची परंपरा प्रबळ असल्याने मेणबत्तीचा वापर दीर्घकाळ मर्यादित होता. मोगल दरबारात मात्र मेणबत्त्यांना मोठे स्थान होते. अबुल फज्ल (१५५१—१६०२) याच्या आईन-इ-अकबरी या ग्रंथात दीपव्यवस्थेवर स्वतंत्र प्रकरण आहे. अकबराने योजिलेल्या एका मोठ्या शमादानासाठी तीन गज व त्याहून लांब अशा पांढऱ्या मेणबत्त्या ओतीत आणि त्यांची वात कातरण्यास शिडी लागे, असे त्यात म्हटले आहे. वातीच्या जळक्या टोकास फार्सीत ‘गुल’ म्हणतात व ते कापण्याच्या कात्रीस ‘गुलगीर’ किंवा ‘गुलतराश’ अशी नावे आहेत. हिंदुस्थानीत ‘गुल करणे’ याचा अर्थ दिवा विझविणे असा झाला व ‘बत्ती गुल होणे’ हा प्रयोग मराठीतही रुळला. इंग्रजीतही असेच घडले. ‘स्नफ’ या शब्दाचा मूळ अर्थ वातीचे करपलेले टोक व त्यावरून ते कापणे असा होता. पुढे त्यास दिवा विझविणे असा अर्थ आला. प्रकाश वाढविण्यासाठी करावयाच्या क्रियेचे नाव दोन्हीकडे प्रकाश घालविण्याच्या क्रियेस चिकटले, ही लक्षणीय गोष्ट होय.

महाराष्ट्रात समई व निरांजन यांच्या वाती सारणे आणि त्यांची काजळी झाडणे हे नित्याचे काम आहे. मेणबत्तीच्या बाबतीत दोष समजली जाणारी काजळी येथे हेतुतः धरली जाई; ज्योतीवर भांडे उपडे धरून जमविलेली काजळी डोळ्यांत घालावयाच्या काजळासाठी व शाईसाठी वापरीत. रॉकेलचे कंदील प्रचारात आल्यावर रोज तिन्हीसांजेपूर्वी काच पुसणे व वात कातरणे ही कामे घरोघरी आली. कंदिलाच्या चपट्या वातीचे कोपरे उंच राहिल्यास ज्योतीस शिंगे फुटतात व काच एका बाजूने काळी होते; म्हणून वात सरळ कापून तिचे दोन्ही कोपरे किंचित उतरते करीत. इंधन व हवा यांचा मेणबत्तीत दिसणारा तोल कंदिलातही तोच असतो.

वेणीची वात व नवे इंधन : कांबासेरेस या फ्रेंच अभियंत्याने १८२५ मध्ये पिळाच्या वातीऐवजी तीन पदरी वेणीसारखी गुंफलेली वात योजली. वेणीतील सुतांवर पडणाऱ्या ताणामुळे अशी वात जळताना सरळ उभी न राहता एका बाजूस वाकते. तिचे टोक ज्योतीच्या गाभ्यातून बाहेर कडेपर्यंत येते, तेथे त्यास ऑक्सिजन मिळतो व ते जळून जाते. मेणबत्ती जितकी खाली जाते, तितकीच वात वरून जळते. तिची लांबी कायम राहते.

वेणीची वात चरबीच्या मेणबत्तीत मात्र यशस्वी होऊ शकत नव्हती. वाकलेल्या वातीमुळे ज्योतीची उष्णता एका बाजूस अधिक लागते व लवकर वितळणारी चरबी त्या बाजूने ओघळून मेणबत्तीची कड खचते. अधिक तापमानास वितळणारे व तरीही स्वस्त असे इंधन मिळणे आवश्यक होते. ते फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मीशेल यूजीन शव्हरल (१७८६—१८८९) याच्या संशोधनामुळे मिळाले. चरबी हा एकच पदार्थ नसून ती वसाम्ले व ग्लिसरीन यांची संयुगे आहेत, हे त्याने १८११ पासून केलेल्या प्रयोगांनी सिद्ध केले व १८२३ मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. चरबीतून ग्लिसरीन व द्रवरूप अम्ले काढून टाकली, की कठीण, पांढरे व वासरहित स्टिअरिक अम्ल उरते. शुद्ध स्थितीत ते सु. ६९° से.ला वितळते. शव्हरल व गे-ल्यूसॅक (१७७८—१८५०) यांनी त्यापासून मेणबत्त्या बनविण्याचे पेटंट १८२५ मध्येच घेतले. परंतु त्यांची प्रक्रिया खर्चिक असल्याने धंदा चालला नाही.

आडॉल्फ द मीयी याने चरबीच्या विघटनासाठी महाग क्षाराऐवजी चुना वापरून ही अडचण दूर केली. पॅरिसमधील एत्वाल भागात १८३१ मध्ये त्याने कारखाना काढला व तेथील मेणबत्त्या त्या भागाच्या नावानेच प्रसिद्ध झाल्या. वातीच्या सुतातील खनिज अंशांची व चुन्याच्या अवशेषांची राख टोकावर साचून केशाकर्षणात अडथळा येतो, हे त्याच्या ध्यानात आले. यावर त्याने वात बोरिक अम्लाच्या विद्रावात भिजविण्याची युक्ती काढली. या अम्लाच्या योगाने राख वितळून तिचा काचेसारखा बारीक मणी होतो व तो गळून पडतो. वेणी, स्टिअरिक अम्ल व बोरिक अम्ल या तीन गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच न कातरता जळणारी मेणबत्ती पूर्णत्वास गेली. त्यांपैकी कोणतीही एक वगळली असती, तर कात्री मेजावर राहिलीच असती.

इंग्लंडमध्ये प्राइस कंपनीने हा बदल सामान्य लोकांपर्यंत नेला. व्हिक्टोरिया राणीच्या विवाहप्रसंगी (१८४०) घरांच्या खिडक्यांत दीपोत्सव करण्यात आला. त्यासाठी या कंपनीने चरबीपासून मिळणारे स्टिअरिक अम्ल व खोबरेल तेलातील घन भाग यांच्या मिश्रणाच्या, न कातरता जळणाऱ्या स्वस्त मेणबत्त्या बाजारात आणल्या. पुढे पॅराफीन मेणाचे युग आले. जेम्स यंग (१८११—८३) याने १८५० मध्ये कोळशापासून पॅराफीन मिळविण्याचे पेटंट घेतले. तर वॉरन द ला रू (१८१५—८९) याने ब्रह्मदेशातील खनिज तेलापासून पॅराफीन काढण्याच्या प्रक्रियेचे पेटंट १८५४ मध्ये घेतले व प्राइस कंपनीने त्या तेलाचा मेणबत्त्यांसाठी उपयोग केला. भारतात आसाममधील दिग्बोई येथे १९०१ मध्ये खनिज तेलाचा परिष्करण कारखाना सुरू झाल्यानंतर देशातच पॅराफीन मेण मिळू लागले.

परिणाम : मायकेल फॅराडे (१७९१—१८६७) याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी दिलेल्या नाताळच्या व्याख्यानांत मेणबत्ती हा विषय १८४८-४९ व १८६०-६१ असा दोनदा घेतला. दुसऱ्या वेळची व्याख्याने विल्यम क्रुक्स (१८३२—१९१९) याने संपादित करून १८६१ मध्ये प्रसिद्ध केली. केशाकर्षण, बाष्पीभवन, ज्वलन व श्वसन यांचे नियम एका साध्या मेणबत्तीवरून स्पष्ट करण्याची त्याची पद्धती विज्ञानशिक्षणात आदर्श मानली जाते. प्रयोगासाठी स्थिर ज्योत हवी असते. वात आपोआप जळणाऱ्या मेणबत्त्या तोवर सर्वत्र झालेल्या असल्याने तशी ज्योत कोणत्याही घरात मिळू शकत होती.

प्रकाशमापनासही याचा उपयोग झाला. ब्रिटनच्या १८६० च्या एका कायद्याने वायुदिव्यांचा प्रकाश ज्या प्रमाण मेणबत्तीशी ताडून पाहावयाचा, ती स्पर्म जातीच्या देवमाशापासून मिळणाऱ्या मेणासारख्या पदार्थाची, १/६ पौंड वजनाची व ताशी १२० ग्रेन या वेगाने जळणारी असावी, असे ठरविले. दर मिनिटास प्रकाश बदलणारी चरबीची मेणबत्ती असे एकक होऊ शकली नसती. १९४८ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर स्वीकारलेल्या ‘कँडेला’ या दीप्तितीव्रतेच्या एककाच्या नावात मेणबत्तीची ही स्मृती टिकून आहे.

घरांतील कात्री मात्र झपाट्याने मागे पडली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचे उत्पादन घटले व चांदीच्या कात्र्या संग्राहकांच्या वस्तू झाल्या. वाती कातरणाऱ्या नोकरांचे व नाट्यगृहांतील माणसांचे काम संपले. ते किती वेळखाऊ होते, याची आठवणही दोन-तीन पिढ्यांत पुसट झाली.

आधुनिक वाती : आजच्या बहुतेक वाती कापसाच्या सुताच्या असून त्यांचे मुख्य प्रकार तीन आहेत. चपट्या वेणीची वात सहज वाकते व उभ्या, सडपातळ मेणबत्त्यांत वापरतात. चौकोनी वेणीची वात अधिक भक्कम असून ती मधमाश्यांच्या मेणास मानवते. तिसऱ्या प्रकारात वेणीच्या आत कागद, सूत, जस्त किंवा कथिल यांचा गाभा असतो व त्यामुळे वात पातळ मेणातही उभी राहते. वातीची जाडी मेणबत्तीचा व्यास, मेणाचा वितळबिंदू आणि त्यात मिसळलेले रंग व सुगंधी द्रव्ये यांनुसार ठरवितात. वाती क्षारांच्या विद्रावांत भिजवून वाळविण्याची पद्धत अद्याप चालू आहे. गाभ्यासाठी पूर्वी शिशाची तारही वापरीत. अशा वाती जळताना शिसे हवेत मिसळते व ते विशेषतः लहान मुलांना अपायकारक असते. अमेरिकेतील उत्पादकांनी १९७४ मध्ये तिचा वापर स्वेच्छेने सोडण्याचे ठरविले. तरीही अशा वाती बाजारात आढळत राहिल्याने तेथे २००३ मध्ये त्यांवर कायद्याने बंदी घालण्यात आली.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत काचेच्या भांड्यात ओतलेल्या सुगंधी मेणबत्त्या लोकप्रिय झाल्या आणि त्यांबरोबर कातरणीची गरज काही अंशी परत आली. अशा मेणबत्तीत मेणाचे तळे रुंद व खोल असते. वात उभी राहावी म्हणून तिच्यात गाभा घालतात व ती पुरेशी वाकत नाही. सुगंधी तेले व रंगद्रव्ये यांचे अवशेष तिच्या टोकावर साचतात. भांड्याच्या कडांमुळे ज्योतीस हवाही कमी मिळते. परिणामी टोकाशी काजळीचा गोळा धरतो व काच काळी होते. म्हणून प्रत्येक वेळी पेटविण्यापूर्वी वात सु. ६ मिमी. (पाव इंच) एवढी ठेवून कातरावी, अशी शिफारस करण्यात येते. मेणबत्ती विझून मेण गोठल्यावरच वात कातरणे सुरक्षित असते. कापलेले तुकडे मेणात पडू देऊ नयेत, कारण ते दुसऱ्या वातीप्रमाणे पेटू शकतात. मेणबत्ती वाऱ्याच्या झोतापासून दूर ठेवावी. हेलकावणाऱ्या ज्योतीस हवा व इंधन यांचा तोल राखता येत नाही व योग्य लांबीची वातही धुरकटते. वात कातरूनही ज्योत सतत धूर सोडीत असल्यास ती वात त्या मेणबत्तीच्या मानाने जाड आहे, असे समजावे.

वातीच्या या इतिहासात ज्वलनाचे नियम कोठेही बदललेले नाहीत. रम्फर्डने मोजलेली प्रकाशाची घट व आजच्या काचपात्रावर धरलेली काजळी यांचे कारण एकच आहे. बदलले ते एवढेच, की तोल राखण्याचे जे काम शतकानुशतके नोकरांच्या, कारागिरांच्या व गृहिणींच्या हातांकडे होते, ते तीन पदरांच्या वेणीने स्वतःकडे घेतले. आणि जेथे वेणीला ते साधत नाही, तेथे ते आजही हाताकडेच आहे.

पहा : ज्योत, ज्वलन, दिवे, प्रकाशमापन, मेण, मेणबत्ती.